‘बायबलचे एकही भाकीत चुकलेले नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बायबलमध्ये सुमारे २,५०० भाकिते असून त्यांपैकी जवळजवळ २,००० अक्षरशः पूर्ण झाली आहेत, उरलेली पुढच्या काळाविषयीची आहेत आणि चुकलेले एकही नाही. येशूविषयीची अवघी आठ भाकिते एका माणसाच्या बाबतीत योगायोगाने खरी ठरण्याची शक्यता एकावर सतरा शून्ये दिल्यावर जी संख्या होते तिच्यात एक, इतकी कमी आहे. पर्शियाच्या कोरेश (सायरस) राजाचे नाव, दानीएलाची सत्तर सप्तके (सात-सात वर्षांचे सत्तर गट), सोर नगराचा नाश आणि १९४८ सालची इस्राएल राष्ट्राची स्थापना हे सारे शेकडो वर्षे आधीच लिहून ठेवलेले होते. बायबल हा माझ्या नित्य वाचनातला ग्रंथ आहे, त्यातल्या संदेष्ट्यांविषयी, म्हणजे देवाचा शब्द लोकांना सांगणाऱ्यांविषयी, मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हा दावा उत्तर न देता सोडून देणे मला पटत नाही. संदेष्टे आपल्या समोर उभ्या असलेल्या माणसांशी, त्यांच्या संकटांविषयी आणि अपराधांविषयी बोलत होते. हा संदेश त्यांच्या तोंडचे अर्धे वाक्य उचलतो आणि उरलेले टाकून देतो.

प्रथम त्या सतरा शून्यांचा विचार करू. हा आकडा पीटर स्टोनर या अमेरिकी गणित-प्राध्यापकांचा आहे. टेक्सास राज्यभर चांदीच्या डॉलरांचा दोन फूट जाड थर पसरावा, त्यातल्या एकाच नाण्यावर खूण करावी आणि डोळे बांधलेल्या माणसाने पहिल्याच खेपेस नेमके तेच नाणे उचलावे, ही प्रसिद्ध उपमाही त्यांचीच. त्यांनी आठ भाकिते निवडली, प्रत्येकाची शक्यता अंदाजाने ठरवली (गाढवावरून नगरात येण्याची शंभरात एक, तीस रुप्यांच्या नाण्यांसाठी विश्वासघात होण्याची हजारात एक) आणि ते आठही अंदाज एकमेकांशी गुणले. गुणाकारात चूक नाही, चूक गुणाकाराच्या आधी झालेली आहे. शक्यतांचा असा गुणाकार घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच करता येतो. येथे तीस नाणी आणि ती कुंभाराकडे जाणे या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातील अकराव्या अध्यायातल्या लागोपाठच्या दोन ओळी आहेत, तरीही त्या दोन वेगळी भाकिते म्हणून मोजल्या आहेत. गाढवाचा प्रसंग तर योगायोगाच्या कक्षेतच येत नाही. येशूने स्वतः शिष्यांना पाठवून ते जनावर आणवले होते. यिर्मया संदेष्ट्याने मानेवर जू घेऊन यरुशलेमेत फिरावे तशी ही जाणूनबुजून केलेली प्रतीकात्मक कृती होती आणि पाहणाऱ्यांना जखऱ्याचे शब्द आठवावेत हाच तिचा हेतू होता. तिची शंभरात एक अशी शक्यता काढणे म्हणजे ती कृती न समजणे होय.

त्या आठांतले एक भाकीत मला विशेष जवळून दाखवायचे आहे, कारण हा संदेश पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो अध्याय उघडून पाहिला असावा असे वाटते. ‘मशीहाच्या हातांना त्याच्या मित्रांच्या घरी जखमा होतील’ असे सांगून त्याखाली जखऱ्या १३:६ असा आधार दिला जातो. त्या अध्यायात दुसऱ्या वचनापासून विषय चालला आहे तो खोट्या संदेष्ट्यांचा. ते देशातून नाहीसे होतील, कोणी भविष्य सांगू लागला तर त्याचे आईबापच त्याला भोसकतील, आणि मग संदेष्ट्याचा धंदा करणारा माणूस केसांचा झगा टाकून देऊन म्हणेल की मी संदेष्टा नव्हे, मी तर शेतकरी आहे. त्याला कोणी विचारील की तुझ्या अंगावर या जखमा कसल्या, आणि तो सारवासारव करील की त्या मित्रांच्या घरी झाल्या. मूळ हिब्रू शब्द ‘तुझ्या हातांच्या मध्ये’ असे आहेत, म्हणजे छातीवर किंवा पाठीवर. बआल या परक्या दैवताचे संदेष्टे कार्मेल डोंगरावर स्वतःला सुऱ्यांनी कापून घेत होते, त्या जातीचे हे व्रण आहेत. थोडक्यात, पकडल्या गेलेल्या एका तोतयाचे हे उत्तर आहे. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागाच्या, एकाही लेखकाने हे वचन येशूला लावलेले नाही. पुढचेच वचन, मेंढपाळाला मार म्हणजे मेंढरे पांगतील हे, मार्काने लावले आहे, पण हे नाही. त्या लेखकांना अध्याय ठाऊक होता. स्टोनरांच्या गुणाकारात मात्र या तोतयाला हजारपट वजन मिळाले आहे.

स्तोत्र २२ मधील ‘त्यांनी माझे हातपाय विंधले’ या ओळीचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि येथे दोन्ही बाजूंनी घाई होते. परंपरागत हिब्रू पाठात ‘सिंहासारखे माझे हात व माझे पाय’ असे आहे, प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘त्यांनी खणले’ असे आहे, आणि मृत समुद्राच्या परिसरातील नहल हेव्हेर येथे सापडलेल्या तुकड्यातले अक्षर क्रियापदाकडे झुकणारे दिसते. त्यामुळे ‘ख्रिस्ती लोकांनी पाठ बदलला’ हा उलट बाजूचा आरोप टिकत नाही. मात्र शुभवर्तमानांनी, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांनी, या स्तोत्रातून वधस्तंभाजवळ ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हा आक्रोश आणि वस्त्रांवर टाकलेल्या चिठ्ठ्या घेतल्या असताना हातापायांची ओळ घेतलेली नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

आता यशया ७:१४, ‘कुमारी गर्भवती होईल’. प्रसंग इ.स.पू. ७३४ च्या सुमाराचा आहे. अरामाचा राजा रसीन आणि उत्तरेकडील इस्राएलचा राजा पेकह यांनी मिळून यरुशलेमेवर चाल केली आहे आणि यहूदाचा राजा अहाज भयाने गळून गेला आहे. यशया त्याला खूण देतो की तरुणीला मुलगा होईल, तिने त्याचे नाव इम्मानुएल ठेवावे, आणि त्या मुलाला बरे-वाईट कळू लागण्याआधीच ज्या दोन राजांची तुला धास्ती वाटते त्यांचा देश ओसाड पडेल. इ.स.पू. ७३२ मध्ये अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसराने दिमिष्क, म्हणजे दमास्कस, घेतलेही. हिब्रूत ‘अल्मा’, म्हणजे वयात आलेली तरुणी, असा शब्द आहे. ‘कुमारी’ हा अर्थ ग्रीक भाषांतरातल्या ‘पार्थेनॉस’ या शब्दाने पक्का केला आणि शुभवर्तमानाचा लेखक मत्तय याने तो तेथून घेतला. सातशे वर्षांनी होणाऱ्या जन्माची खूण वेढ्याच्या छायेत थरथरणाऱ्या अहाजाच्या काय कामाची होती, या प्रश्नाला त्या संदेशाकडे उत्तर नाही.

मग मत्तयाने फसवले का? मुळीच नाही, आणि माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली येथेच आहे. येशूला लहानपणी मिसर (इजिप्त) देशातून परत आणले तेव्हा ‘मिसर देशातून मी आपल्या पुत्राला बोलावले’ हे वचन पूर्ण झाले, असे मत्तय लिहितो. होशेयाच्या अकराव्या अध्यायात ते पाहावे. ‘इस्राएल लहान मूल होते तेव्हा मी त्याच्यावर प्रीती केली’ अशी सुरुवात करून होशेय मोशेच्या काळातील सुटकेची आठवण सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो की ते मूल मूर्तींच्या मागे लागले. हे वाक्य भूतकाळाविषयीचे आहे, त्यात भाकीत म्हणून काहीच नाही, आणि हे मत्तयाला ठाऊक नसणे शक्य नाही. ‘पूर्ण होणे’ यासाठी तो जे ग्रीक क्रियापद वापरतो त्याचा मूळ अर्थ भरणे, काठोकाठ भरणे असा आहे. इस्राएलची जुनी कथा येशूच्या आयुष्यात पुन्हा घडते आहे आणि जुने शब्द नव्या अर्थाने भरून येत आहेत, असे त्याला म्हणायचे आहे. ते मानणे न मानणे हा श्रद्धेचा विषय आहे, पण तो अंदाज बरोबर आल्याचा पुरावा नव्हे. मत्तयाने जे कधी मांडलेच नाही ते त्याच्या नावावर खपवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

कोरेशाच्या बाबतीत दावा असा की यशयाने दीडशे वर्षे आधी त्याचे नाव घेतले. कोरेशाने बाबेल (बॅबिलॉन) जिंकले इ.स.पू. ५३९ मध्ये. यशयाच्या पुस्तकातील चाळिसाव्या अध्यायापासून यरुशलेम आधीच उद्ध्वस्त झालेले आहे, लोक बाबेलात आहेत, आणि कोरेशाचा उल्लेख ओळखीच्या राजासारखा येतो. ‘या नावाचा कोणी पुढे जन्मेल’ असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. म्हणून हे अध्याय बंदिवासाच्या अखेरीस लिहिले गेले असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. यावर मृत समुद्राजवळच्या गुंडाळीचा हवाला दिला जातो. १९४७ साली सापडलेली यशयाची ती मोठी गुंडाळी इ.स.पू. दुसऱ्या शतकातील आहे, आणि हा पाठ येशूच्या आधी होता हे तिने निःसंशय सिद्ध केले, पण ती कोरेशानंतर चारशे वर्षांची आहे. कोरेशाच्या आधी काय लिहिले होते हे ती सांगू शकत नाही.

दानीएलाच्या अकराव्या अध्यायात ग्रीक राजांच्या लढाया इतक्या तपशिलाने येतात की तिसऱ्या शतकातच पोर्फिरी या विचारवंताने ते घटनांनंतरचे लेखन आहे असे म्हटले होते. ही अचूकता एका विशिष्ट ओळीवर थांबते. यरुशलेमेचे मंदिर इ.स.पू. १६७ मध्ये भ्रष्ट करणारा चौथा अँटिओकस समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये तंबू ठोकील व तेथे त्याचा अंत होईल, असे अध्यायाच्या शेवटी आहे. प्रत्यक्षात तो इ.स.पू. १६४ मध्ये दूर पर्शियाकडे मेला. सत्तर सप्तकांचा हिशेबही असाच आहे. रॉबर्ट अँडरसन या लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इ.स.पू. ४४५ पासून ४८३ वर्षे, म्हणजे एकोणसत्तर सप्तके, मोजली आणि येशूच्या यरुशलेम-प्रवेशाचा दिवस काढला, पण त्यासाठी वर्ष ३६० दिवसांचे धरावे लागले आणि कोरेशाची आज्ञा सोडून अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षातील परवानगी हा आरंभ निवडावा लागला.

१९४८ चे गणित तर या पद्धतीचा कळसच आहे. यहेज्केल संदेष्टा ३९० आणि ४० दिवस कुशीवर पडून राहिला, म्हणून ४३० वर्षांची शिक्षा. त्यातून बंदिवासाची ७० वजा केली की उरली ३६०. बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायाप्रमाणे सातपट केली की झाली २,५२०. त्यांना प्रत्येकी ३६० दिवसांनी गुणले की ९,०७,२०० दिवस, आणि इ.स.पू. ५३६ पासून मोजत गेले की १९४८. यहेज्केलाने ना वजाबाकी सांगितली, ना सातपट. हीच २,५२० वर्षे ३६० ऐवजी नेहमीच्या वर्षांनी इ.स.पू. ६०७ पासून मोजून यहोवाचे साक्षीदार १९१४ वर पोहोचतात. त्याआधी विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी दानीएलाच्या २,३०० दिवसांवरून २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख धरली होती. कित्येकांनी त्या वर्षी पीक शेतात तसेच सोडून दिले, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. अशा हिशेबांची किंमत खरी माणसे मोजतात, म्हणून मी त्यांना निरुपद्रवी मानत नाही.

शेवटी सोर. यहेज्केलाच्या सव्विसाव्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर हे नगर पाडील, ते उघडा खडक होईल, पुन्हा बांधले जाणार नाही आणि शोधूनही सापडणार नाही, असे आहे. त्याने तेरा वर्षे वेढा दिला, पण बेटावरचे नगर लुटून त्याच्या हाती पडले नाही. त्यावर उत्तर असे दिले जाते की ‘पुष्कळ राष्ट्रे’ असेही म्हटले आहे आणि इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने समुद्रात भर टाकून उरलेले काम पुरे केले. परंतु अलेक्झांडरनंतर सोर पुन्हा वसले, येशू त्याच्या परिसरात गेला, पौल तेथील शिष्यांकडे सात दिवस राहिला, आणि आज ते लेबनॉनमध्ये सूर या नावाने नांदते आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे खुद्द यहेज्केलाने पुढे एकोणतिसाव्या अध्यायात लिहिले आहे की सैनिकांच्या डोक्यांना टक्कल पडले, खांदे सोलले गेले, तरी सोरेपासून त्यांना काही मजुरी मिळाली नाही, म्हणून आता त्यांना मिसर देश मिळेल. आपला शब्द ठरल्याप्रमाणे उतरला नाही हे संदेष्ट्याने स्वतः तारीख घालून नोंदवले, आणि ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी दोन्ही अध्याय राहू दिले.

‘एक जरी चुकले तर सारे बायबल खोटे’ हे त्या संदेशाचे शेवटचे वाक्य आहे. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात संदेष्ट्याची तशी कसोटी आहे, हे मी नाकारत नाही. पण तिच्याशेजारी यिर्मयाचा सव्विसावा अध्यायही आहे. मंदिराचा नाश होईल असे म्हटल्याबद्दल यिर्मयावर देहदंडाचा खटला उभा राहतो. तेव्हा देशातले वडीलजन उठून सांगतात की शंभर वर्षांपूर्वी मीखानेही म्हटले होते की सियोन शेतासारखी नांगरली जाईल, आणि ती नांगरली गेली नाही. म्हणून मीखा खोटा, असे ते म्हणत नाहीत. ते म्हणतात की हिज्कीया राजाने त्याला मारले का, की परमेश्वराचे भय धरून त्याची विनवणी केली, आणि परमेश्वराने ठरवलेले अरिष्ट टाळले? त्या न घडलेल्या भाकिताने यिर्मया वाचला. त्याच अध्यायात उरीया नावाचा दुसरा संदेष्टा आहे. त्यानेही हेच शब्द उच्चारले होते. यहोयाकीम राजाने त्याला मिसरातून धरून आणवले, तलवारीने मारले आणि त्याचे प्रेत सामान्य लोकांच्या थडग्यांत टाकून दिले.