९.८च यायला हवं

हायस्कूलला फिजिक्स आणि मॅथ्स शिकवायला घेतलंत? छान केलंत. हे दोन्ही विषय एकाच मास्तराच्या गळ्यात का बांधतात ते हळूहळू कळेल. गणिताच्या तासाला मुलं विचारतात, "सर, याचा उपयोग काय?" फिजिक्सच्या तासाला तो उपयोग दाखवला की म्हणतात, "सर, हे तर मॅथ्स झालं, इथे कसं आलं?" दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर पाठ करून ठेवा: "परीक्षेला येतं." त्यानंतर वर्गात जी शांतता पसरते, ती न्यूटनचे तिन्ही नियम एका दमात सांगूनही मिळत नाही.

अ अधिक ब, कंसाचा वर्ग. उत्तर अ वर्ग अधिक ब वर्ग असंच येणार. मागच्या वर्षी आलं होतं, पुढच्या वर्षीही येईल. तुम्ही नवे आहात, उत्साहाने तीन आणि चार घालून दाखवाल. एकीकडे ४९, दुसरीकडे २५. सगळे माना डोलावतील. मग मागून एक हात वर येईल: "सर, ते आकड्यांचं झालं. अक्षरांना पण तसंच असतं का?" आता तुम्हाला फळ्यावर चौरस काढून त्याचे चार तुकडे पाडायचा मोह होईल. त्यातल्या दोन आयतांवर बोट ठेवून "हे बघा तुमचे हरवलेले दोन अब" असं म्हणावंसं वाटेल. आवरा. पोर्शन मागे पडतो. शिवाय एखाद्याला खरोखरच कळलं, तर तो दुसऱ्या दिवशी घन घेऊन येईल आणि त्याचे आठ तुकडे तुम्हाला कापत बसावं लागेल.

उत्तराला अर्थ असावा, हा आग्रह सोडलात तर पुष्कळ त्रास वाचतो. मनोऱ्यापासून ५० मीटरवर माणूस उभा, उन्नतकोन ३० अंश, उंची काढा. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहिलेला असतो, त्यामुळे उत्तर येतं उणे ३२० मीटर. खरं तर मनोरा २९ मीटरचाही नाही, आणि इथे तो जमिनीत ३२० मीटर खोल गेलेला आहे. मुलगा हुशार असतो. त्यालाही मनोरा जमिनीखाली खटकतो, म्हणून तो उणे चिन्ह खोडतो. एवढी समज दाखवल्याबद्दल त्याला स्टेप्सचे मार्क द्या. घरून विचारणा झालीच तर 'सिली मिस्टेक' हा शब्द तयार आहे. आजवर जगातल्या एकाही मुलाला गणित आलं नाही असं झालेलं नाही. झाल्या त्या सगळ्या सिली मिस्टेक.

एककांबद्दल फार ताणू नका.

"सर, पंचेचाळीस."

"पंचेचाळीस काय?"

"पंचेचाळीस उत्तर."

इथे १९९९ सालची मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सांगायची हुक्की येते: एका गटाचे आकडे पाउंड-बलाच्या एककात, दुसऱ्याने ते न्यूटनमधले समजून वापरले, आणि यान मंगळापाशी पोचून गमावलं. सांगा हवं तर. वर्गाच्या लक्षात एवढंच राहतं की नासातही चालतं.

वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी असताना त्याचं त्वरण किती, हे तर विचारूच नका. शून्य म्हणतील. "मग तो तिथेच लटकून का राहत नाही?" असं तुम्ही विचाराल, आणि पहिल्या बाकावरची मुलगी वहीकडे बघून सांगेल की लटकत असेल, पण थोडाच वेळ.

फळ्यापर्यंत एकवेळ ठीक आहे. खरी जपण्याची जागा प्रयोगशाळा. खिडक्या बंद ठेवल्या तरी तिथे बाहेरचं जग आत येतं. फळ्यावरच्या दोऱ्याला वजन नसतं, पृष्ठभागाला घर्षण नसतं, हवा तर कुणी काढलेलीच नसते. इथे दोऱ्याला गाठ असते आणि ती नेमकी मोजताना सुटते.

साधा दोलक घ्या. मीटरभर दोरा, धातूचा गोळा, स्टॉपवॉच. वीस दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात, त्यावरून 'जी', म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचा. शहाणा शिक्षक सुरुवातीलाच फळ्याच्या कोपऱ्यात ९.८ लिहून ठेवतो. मग मुलं योग्य दिशेने काम करतात, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. आधी उत्तर, मग सरासरी, मग त्या सरासरीला शोभतील अशी वाचनं, आणि वेळ उरला तर दोलक टांगणं. तासाच्या शेवटी सगळ्या वह्यांत ९.७९ ते ९.८१. पृथ्वीला स्वतःलाही हे जमत नाही. विषुववृत्तावर तिचा जी ९.७८ येतो, ध्रुवांवर ९.८३. पण तिला प्रयोगवहीवर सही घ्यायची नसते.

तरी एखादी वही बिघडतेच. एका मुलीचा आला ९.७०. तुम्हाला बघताक्षणी कळतं की तिने लांबी गाठीपर्यंतच मोजली, गोळ्याची एक सेंटिमीटर त्रिज्या धरलीच नाही. म्हणजे तिने घड्याळ खरं लावलं, दोलनं खरी मोजली, आणि तिची चूक उत्तरात जशीच्या तशी उतरली. असलं काम कौतुकाला पात्र असतं, म्हणून ताबडतोब लाल शाईने 'पुन्हा वाचन घे' लिहा. दहा मिनिटांत ती शेजारणीच्या वहीतून अचूक वाचन घेऊन येईल.

आणि एकाचा येईल १०.८६. हा मुलगा सांभाळा. तो वही पुढे करणार नाही, तास संपला तरी टेबलापाशी उभा राहील आणि विचारेल, "सर, हा जास्तीचा एक कुठून आला?" बाकीचे दप्तरं भरत असतात. "पुन्हा करून दाखवू?" असं म्हणत तो तुमच्या होकाराची वाट न बघता गोळा बाजूला ओढतो, दुसऱ्या हाताचा अंगठा स्टॉपवॉचवर ठेवतो, गोळा सोडतो, आणि सोडता सोडताच म्हणतो, "एक."

शून्य नाही, एक. एकोणीसच दोलनं झाली, आणि भागलं विसाने. तुम्हाला कळलेलं असतं. तो अजून मोजतोय, सहा, सात, मान गोळ्याबरोबर हलतेय. त्याला आता काही सांगू नका. वीसपर्यंत जाऊ दिलंत तर पुन्हा पहिल्यापासून मोजा म्हणावं लागेल, या वेळी शून्यापासून. मग तो नवा आकडा काढेपर्यंत थांबावं लागेल, आणि तो आकडा जवळपास ९.८ आला की त्याचा चेहराही बघावा लागेल. दारात पुढचा वर्ग उभा आहे. घंटा झाली म्हणा. झाली नसली तरी म्हणा.