१९९ रुपयांचं आमिष

सोमवारी मेल आला. डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या आमच्या नावाची, मुदत महिन्याभरात संपतेय, रिन्यू करायचे १३४९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. गेल्या वर्षी ह्याच कंपनीकडून हेच नाव मी १९९ रुपयांना घेतलं होतं. वर्षभरात ह्यांनी त्या नावासाठी केलं काय? नोंदवहीत एक ओळ ठेवली, बस्स!

रिन्यूचा दर तेव्हाही लिहिला होता म्हणे. कुठे? १९९ चा आकडा अर्धा स्क्रीन भरून, आणि हा त्याखाली फिकट करड्या अक्षरांत, चष्मा लावूनही दिसू नये असा. कार्टमध्ये गेले तर मुदत आपोआप ३ वर्षं, जोडीला ईमेल, वेबसाइट बिल्डर, सगळ्यावर आधीच टिक केलेली. एकेक काढत बसले. किराणावाल्याने न मागितलेली वस्तू पिशवीत टाकून बिल लावलं, तर आपण दुकानात उभं राहून भांडतो. इथे भांडायला समोर माणूसच नाही.

नाव घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "मॅडम, वेबसाइट बनवायची का?" पहिल्या फोनला आई मसाल्याचे हात तसेच घेऊन धावली, तिला वाटलं ऑर्डर आली. नंबर कुणी दिला, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आणि हे नाव मी सोडूही शकत नाही. आईचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा. नाव दोन हजार पाकिटांवर छापलंय, बिलबुकावर आहे, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं त्याच नावावर ऑर्डर टाकतात. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आधी नाव रुजू द्यायचं, मग खंडणी मागायची! नाही भरले तर? रजिस्ट्रारने, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीने, डॉट कॉम नाव काढून टाकलं की ते ३० दिवस रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे सोडवून घ्यायच्या मुदतीत, जातं, तिथून सोडवायचे पैसे वेगळे. तेही नाही दिले तर पुढच्या ५ दिवसांनी नाव मोकळं, आणि असं नाव उचलून मूळ मालकालाच चढ्या भावाने विकायला लोक टपलेलेच आहेत.

म्हणून दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायचं ठरवलं. डॉट कॉम ट्रान्सफर केलं की मुदत वर्षभर वाढते, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. त्यासाठी लागतो ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड, तो जुनी कंपनीच देते. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम आहे की मागितल्यापासून ५ दिवसांत तो मिळायलाच हवा. सोमवारी रात्रीच मागितला. चॅटवर आधी "मॅडम, डिस्काउंट देतो, थांबा", मग "सिस्टीम अपडेट होतेय", मग "टीमला कळवलंय". अहो, नुसता एक कोड आहे तो! गिऱ्हाईक जायचं म्हणतंय तर दाराला कडी कसली घालता?

आज शुक्रवार. कोड आलेला नाही. रिन्यू करा म्हणून मेल मात्र आणखी दोन आलेत.