‘कमांड नॉट फाउंड’वर सुडो हा उतारा नव्हे

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द इकडेतिकडे होतात, सल्ला तोच: ‘पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करताना कमांड नॉट फाउंड आलं तर सुडो लावून पिप पुन्हा चालवा. तरी नाही झालं तर पाथ बॅशआरसीत टाका. ॲक्टिव्हेट केल्याशिवाय काही चालत नाही. अगदीच अडलं तर ज्याचं चालतंय त्याचं फोल्डर कॉपी करून घ्या.’ (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन आणि त्याची पॅकेजेस; पिप म्हणजे ती पॅकेजेस बसवणारी कमांड.)

आधी सुडो, म्हणजे कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं. शेलला, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, कमांडचं नाव दिलं की तो पाथमधली, म्हणजे कमांड शोधायच्या यादीतली, फोल्डरं डावीकडून एकेक तपासतो आणि त्या नावाची पहिली चालण्याजोगी फाइल चालवतो. एकाही फोल्डरात सापडली नाही तर ‘नॉट फाउंड’. म्हणजे अडचण पत्त्याची आहे, परवानगीची नाही. आणि सुडो देतो ती परवानगी. उलट बहुतेक लिनक्सवर सुडो तुमचा पाथ बाजूला ठेवून स्वतःचा ठरलेला पाथ वापरतो. त्यामुळे एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट असतानाही ‘सुडो पिप’ सिस्टिमच्या पिपला जाऊन भिडतं आणि पॅकेज नको तिथे पडतं. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ या लिनक्सच्या आवृत्त्यांपासून सिस्टिमच्या पायथनमध्ये असं काही टाकायला गेलं की पिप ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडवतं. मग कोणीतरी ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय लावायला सांगतं. नावातच इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना लोक तो लावतात, याचं मला खरंच नवल वाटतं. सुडो इथे एकाच ठिकाणी रास्त आहे: डेबियन-उबुंटूवर एन्व्हायर्नमेंट तयार करणाऱ्या व्हेन्व्हचं पॅकेज वेगळं असतं, ते ॲप्ट या सिस्टिमच्या इन्स्टॉलरने बसवताना.

पाथ बॅशआरसीत, म्हणजे बॅश या शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत, टाकण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच जास्त घातक. ‘पिप इन्स्टॉल’ला यूजरचा पर्याय दिला की लिनक्सवर कमांडच्या फाइली होममधल्या डॉट-लोकलच्या बिन फोल्डरात जातात. उबुंटूची प्रोफाइल फाइल हे फोल्डर पाथमध्ये घेते, पण लॉगिनच्या वेळी ते अस्तित्वात असेल तरच. फोल्डर आत्ताच तयार झालं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या; एक ओळही लिहावी लागत नाही. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून झेडशेल हा डिफॉल्ट शेल आहे, तो बॅशआरसी वाचतच नाही. विंडोजवर हेच काम ‘सेटएक्स’ने करणाऱ्यांनी तर जपूनच राहावं: १०२४ अक्षरांपुढचा पाथ ती कमांड छाटून टाकते. आणि एन्व्हायर्नमेंटचंच बिन फोल्डर कायमचं पाथमध्ये टाकलं, तर प्रत्येक टर्मिनलमध्ये, प्रत्येक प्रोजेक्टला तेच पायथन मिळणार. मग वेगळं एन्व्हायर्नमेंट केलं कशाला?

याच सल्ल्यात ‘एमके-व्हर्च्युअलएन्व्ह’ची कमांड सापडत नाही म्हणणारेही येतात. त्यांनी पाथ कितीही वाढवला तरी उपयोग नाही, कारण त्या नावाची फाइलच नसते. एन्व्हायर्नमेंट सांभाळणाऱ्या व्हर्च्युअलएन्व्हरॅपर या साधनातलं ते आणि ‘वर्कऑन’ ही शेलची फंक्शन्स आहेत. रॅपरची स्क्रिप्ट ‘सोर्स’ केली, म्हणजे चालू शेलमध्येच वाचून घेतली, की ती तयार होतात. ‘सोर्स’ची ती ओळ मात्र शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत हवीच, नाहीतर नव्या टर्मिनलमध्ये पुन्हा तेच रडगाणं. रॅपर एका पायथनमध्ये बसवलाय आणि स्क्रिप्ट दुसरंच पायथन उचलतेय, असंही होतं. तेव्हा ‘व्हर्च्युअलएन्व्हरॅपर-पायथन’ या व्हेरिएबलमध्ये योग्य पायथनचा पूर्ण पत्ता द्यावा.

ॲक्टिव्हेटशिवाय चालत नाही? चालतं. ॲक्टिव्हेट मुख्यतः एन्व्हायर्नमेंटचं बिन पाथच्या सुरुवातीला लावतं, एक व्हेरिएबल भरतं आणि प्रॉम्प्ट बदलतं. पूर्ण पत्ता देऊन त्या बिनमधलं पायथन चालवलं तरी ते वरच्या फोल्डरातली पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी ही फाइल पाहून आपलं एन्व्हायर्नमेंट ओळखतं. २०१२ च्या पायथन ३.३ पासून ही सोय आहे. ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ तुटपुंजा असतो, तिथे हीच पद्धत बरी. विंडोजवर पॉवरशेल ॲक्टिव्हेटची स्क्रिप्ट चालवू देत नसेल, तर स्क्रिप्ट्स फोल्डरातलं पायथन थेट चालवून पाहा.

फोल्डर कॉपी करू नका. बिनमधल्या पिपसारख्या फाइलींच्या पहिल्याच ओळीत मूळ मशीनवरच्या पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. मित्राच्या घरचा पत्ता तुमच्या लॅपटॉपवर नसतो, म्हणून ‘बॅड इंटरप्रिटर’. त्याच्याकडून ‘पिप फ्रीझ’ने निघणारी पॅकेजेसची यादी घ्या आणि एन्व्हायर्नमेंट नव्याने करा.

काहीही बदलण्याआधी ‘टाइप -ए पायथन’ चालवून शेलला कोणकोणत्या फाइली दिसतात ते बघा, आणि नुसत्या पिपऐवजी ‘पायथन -एम पिप’ वापरा, म्हणजे पिप त्याच पायथनचं असल्याची खात्री राहते. यादीत बरोबर फाइल पहिली दिसतेय आणि तरी जुनीच चालतेय, तर बॅशने जुना पत्ता लक्षात ठेवलाय. ‘हॅश -आर’ने तो विसरतो.