ऑल सीझन

मे महिन्यात दुपारी एक वाजता मोटरसायकलवर घालायचं काळं रायडिंग जाकीट घालून बिंदू चौकातनं जाणाऱ्या माणसाकडं कोल्हापूर दोनच नजरांनी बघतं. एक काळजीची, "बरं हाय न्हवं?" दुसरी चौकशीची, "काय भावा, कुठली लढाई?" उत्तर कुणालाच मिळत नाही, कारण आतल्या घामानं एव्हाना कंबर ओलांडलेली असते. डिसेंबरात पहाटे साडेपाचला राधानगरीच्या रस्त्याला लागल्यावर तेच जाकीट चाळणी होतं. दुकानदाराचं मात्र एकच पालुपद: "साहेब, ऑल सीझन आहे." ते खरंच आहे. उन्हाळ्यात भाजतं, पावसात भिजतं, थंडीत गारठतं. एकही सीझन सोडत नाही.

माझं मत सरळ आहे. बजेट पाच-सात हजारांचं असेल तर सगळ्या ऋतूंचं जाकीट शोधूच नये. जाळीचं घ्यावं, पैसे पॅडमध्ये, म्हणजे पडल्यावर मार झेलणाऱ्या आतल्या गाद्यांमध्ये घालावेत, आणि थंडी-पावसाची सोय वेगळी करावी. उकाड्यात बंद कापडाच्या जाकिटाला भोकं पाडता येत नाहीत; थंडीत जाळीवर काहीतरी चढवता येतं.

जाळी हा काही एसी नव्हे. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं आणि तो वाळायला वारा लागतो. म्हणजे हायवेला कागलच्या दिशेनं सुख आणि महाद्वार रोडच्या गर्दीत उकडलेला बटाटा. पारा ३८-३९ वर गेला की अंगावर येणारा वाराच अंगापेक्षा गरम असतो. अशा वेळी आतला सुती टी-शर्ट भिजवून, पिळून घालावा. तो वाळेपर्यंत बरं चालतं, मग परत भिजवावा. चेन मात्र बंदच ठेवावी. उघडं जाकीट पाठीमागं फुगतं आणि पडताना कोपराचं पॅड कोपरावर राहत नाही. रंग राखाडी किंवा फिका घ्यावा. काळा रंग फोटोत पैलवान दिसतो, सिग्नलला तवा होतो.

आता पॅड. इथं दुकानात भांडण झालं तरी चालेल, पण पॅड खिशातनं बाहेर काढून बघायचं. त्यावर स्वाराचं छोटं चित्र, ‘ईएन १६२१-१’ हा युरोपीय मानकाचा आकडा आणि लेव्हल १ किंवा २ छापलेलं असावं. चाचणीत लेव्हल १ चं पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंतचा (हे जोर मोजायचं माप) धक्का पलीकडं जाऊ देतं, लेव्हल २ चं २० पर्यंतच. खांद्या-कोपराला बहुतेक जाकिटांत हे मिळतं. खरी गंमत पाठीत असते. तिथं पुष्कळदा अर्ध्या इंचाचा साधा स्पंज निघतो, गादीवाल्याकडं उरलेला वाटावा असा. पाठीच्या खऱ्या पॅडवर ‘१६२१-२’ असतं. ते वेगळं विकत घेऊन त्याच खिशात सरकवावं, पण आधी खिशाचं माप घ्यावं, नाहीतर पॅड येतं आणि खिसा येत नाही. छातीचे खिसे तर रिकामेच असतात. त्यांचा उपयोग पावत्या हरवायला.

मापाचा घोळ खास आपला. जाकिटं शिवणाऱ्याच्या डोळ्यांपुढं रुंद खांद्याचा आणि बारीक कमरेचा गडी असतो. इकडं तालीम सुटलेली आणि खुराक चालूच, अशी बरीच मंडळी. म्हणून ट्रायलला उपाशी जाऊ नये, मिसळ खाऊन जावं. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही; गाडीवर बसून, हात हँडलला लावून बघावं. बाही मनगटाच्या वर सरकता कामा नये. दुसऱ्या हातानं कोपराचं पॅड फिरवून बघावं. ते गोल फिरलं तर पडल्यावरही फिरणार.

जाकिटासोबत आत लावायचं पावसाचं अस्तर फुकट मिळतं. ते घरीच ठेवावं. पाणी आतल्या अस्तरापाशी थांबतं, तोवर बाहेरचं जाकीट भिजून जड झालेलं असतं आणि वाऱ्यानं तेच पाणी अंगाला गारठवतं. गगनबावड्याच्या पावसात साधा रेनसूट वरून घालावा. पँट बुटाच्या बाहेर, नाहीतर बुटाची विहीर होते.

हाच रेनसूट थंडीत वारा अडवतो. हवा १० अंशांवर असताना ताशी ६० नं गेलं की अंगाला ५ अंशांसारखं लागतं. त्यात दोन्ही बाजूंना पाणी पाजलेला ऊस असला की त्या पट्ट्यात गारवा एकदम गुडघ्याला चावतो आणि माळ लागला की सोडतो. आत पॉलिस्टरचा बनियन, त्यावर लोकर किंवा फ्लीस, मग जाकीट, वर रेनसूट. उन्हाळ्यात मित्र असलेलं सुती कापड इथं वैरी, कारण ते ओल धरून ठेवतं. वेळेला छातीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र सरकवावं. वारा अडतो आणि बातम्याही पहिल्यांदाच ऊब देतात. जाड कानटोपी हेल्मेटखाली नको. आतला फोम दबतो आणि नंतर हेल्मेट सैल बसतं. पातळ बालाक्लावा, म्हणजे डोकं-मान झाकणारा कापडी बुरखा, घ्यावा.

ग्लोव्हजला कंजुषी करणाऱ्यांना माझा दंडवत. माणूस पडताना आधी हात टेकतो, म्हणून तळव्याला कडक स्लायडर (रस्त्यावर घसरणारी टणक चकती) आणि मनगटाला पट्टा हवाच. चप्पल कोल्हापुरीच असावी, पण पायात गाडी सोडून इतर वेळी. आणि गाळप चालू असताना पहाटे निघणार असाल तर अंगावर रिफ्लेक्टरची पट्टी हवीच. पुढच्या उसाच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, म्हणून मागनं येणाऱ्याला तुम्ही तरी दिसावं.

राहिलं धुणं. पॅड काढूनच धुवायचं, गार पाण्यात, न पिळता, सावलीत. पण काढण्याआधी प्रत्येक पॅडवर पेनानं डावं-उजवं लिहावं, नाहीतर खांदा कोपरात घुसवत रविवार जातो. आणि पाठीचं पॅड सापडत नसेल तर कपाट उसकटू नये. आधी आज्जीच्या खुर्चीवर बघावं.