ट्रेंटनचा फलाट आणि कसाऱ्याची जीप

गेल्या महिन्यात नाशिकहून धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा तो मुलाच्या नोकरीबद्दल कमी आणि रेल्वेबद्दल जास्त बोलत होता. भाच्याला ठाण्यात नोकरी लागली आहे, बिऱ्हाड मात्र नाशिकरोडलाच ठेवायचे आहे, आणि त्यामुळे नाशिककरांचा जुनाच वाद आमच्या घरात नव्याने पेटला आहे: मुंबईची लोकल नाशिकपर्यंत आणावी, की पंचवटी आणि वंदे भारतसारख्या गाड्या वाढवाव्यात? भाऊ लोकलच्या बाजूचा. मी शंका काढली, तसा तो म्हणाला, ‘ताई, तू अमेरिकेत एडिसनला बसून बोलतेस. इथे पंचवटी चुकली की दिवस गेला, ते तुला नाही कळायचे.’ बोलणे लागले, कारण ते निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र मला बोलायचे आहे.

माझा मुलगा फिलाडेल्फियात शिकतो, आणि त्याच्याकडे जाताना हाच प्रश्न वेगळ्या वेषात माझ्यासमोर दर वेळी येतो. न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया हे अंतर सुमारे १४५ किलोमीटर आहे. या मार्गावर ॲमट्रॅकच्या शहराशहरांना जोडणाऱ्या गाड्या धावतात आणि त्याच रुळांवरून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या उपनगरी गाड्याही धावतात. रूळ ॲमट्रॅकचे, उपनगरी गाडी तिथली भाडेकरू. ॲमट्रॅकने न्यूयॉर्कहून फिलाडेल्फिया साधारण दीड तासात येते. तिकीट चार आठवडे आधी काढले तर खिशाला सोसते, पण त्याच दिवशी काढायला जावे तर विमानाच्या तिकिटासारखे कुठल्या कुठे गेलेले असते. उपनगरी गाडीचे भाडे अंतरावर ठरलेले असते, ते आज काढा की महिन्यापूर्वी. आरक्षण नाही, जागा मिळेल तिथे बसायचे, आणि तिकीट तपासनीस समोरच्या आसनाच्या पाठीत कागदाची एक चिठ्ठी खोचून जातो, म्हणजे तुम्हाला पुन्हा हटकायला नको. फक्त ही गाडी ट्रेंटनलाच संपते. तिथे उतरून पेनसिल्व्हेनियाच्या बाजूची, सेप्टा नावाच्या संस्थेची दुसरी गाडी पकडावी लागते, आणि एकूण प्रवास अडीच तासांच्या पुढे जातो.

पहिल्या खेपेला मी गृहीत धरले होते की, एक गाडी उशिरा आली तर दुसरी तिच्यासाठी थांबेल. ती थांबत नाही. तसे कोणी मला सांगितलेही नव्हते आणि मी वेळापत्रक नीट पाहिलेही नव्हते. थंडीच्या दिवसांत डब्यातल्या तिळाच्या लाडवांसकट मी ट्रेंटनच्या फलाटावर जवळजवळ तासभर उभी होते. पुढची गाडी डेलावेअर नदी ओलांडू लागली की शेजारच्या लोखंडी पुलावर मोठाली अक्षरे दिसतात, त्यांचा अर्थ साधारण असा: ट्रेंटन बनवते, जग घेते. त्या दिवशी ट्रेंटनने मला फक्त वाट पाहायला लावली होती, तरीही ती पाटी पाहून हसू आले.

ट्रेंटन हे या प्रवासातले कसारा आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे, आणि आकडे पाहिले तर ही तुलना आपल्याच बाजूने झुकते. न्यूयॉर्कहून निघालेली उपनगरी गाडी सुमारे ९३ किलोमीटरवर ट्रेंटनला संपते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालेली कसारा लोकल १२१ किलोमीटर जाते. लोकल कमी लांब जाते ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. खरी अडचण कसारा ते नाशिकरोड या राहिलेल्या ६७ किलोमीटरांत आहे. ट्रेंटनला फलाट बदलला की दुसरी गाडी मिळते. कसाऱ्याला लोकलमधून उतरले की ‘नाशिक, नाशिक, एकच सीट’ अशी हाक मिळते, आणि मग मागच्या सीटवर चौथे म्हणून अंग चोरून बसत घाट चढायचा.

लोकल पुढे का येत नाही, याचे पहिले उत्तर नेहमी घाट हेच दिले जाते. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ पासून चालू आहे. सुमारे १५ किलोमीटरांत गाडी ३०० मीटरच्या आसपास चढते आणि चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. पंचवटी कसाऱ्याला थांबली की मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, तेव्हा डब्याला बसणारा तो धक्का नाशिकच्या प्रत्येक पोराला ओळखीचा आहे; आमच्या घरी तर प्रवासात चहा कसारा सुटल्यावरच ओतायचा, असा आईचा दंडक होता. पण हे उत्तर आता पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी २०१९ पासून दोन्ही टोकांना इंजिने लावून घाट चढते, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली शिर्डी वंदे भारत तर बँकरशिवाय चढते, कारण तिच्या मोटारी गाडीभर वाटलेल्या आहेत आणि उतारावर उभे राहण्यासाठी तिला पार्किंग ब्रेक दिलेले आहेत. मोटारी वाटलेली गाडी घाट चढू शकत नाही, असे आता कोणी म्हणू नये.

तरीही मी भावाशी सहमत नाही, आणि त्याचे कारण घाटाच्या मानाने फारच साधे आहे. लोकलमध्ये शौचालय नसते. कसाऱ्यापर्यंत अडीच तास आणि पुढे नाशिकरोडपर्यंत सव्वा-दीड तास, असे चार तास, बाकड्यावर किंवा बाकड्याच्या आशेवर उभे राहून, माझ्या आईला किंवा एखाद्या गरोदर बाईला कोण नेणार आहे? सेप्टाच्या डब्यांतही शौचालय नसते, पण तिथे मला तासाच्या आत उतरायचे असते. लोकलची रचनाच दर तीन-चार मिनिटांनी माणसे चढावीत-उतरावीत यासाठी केलेली आहे. रुंद दारे, कमी बाकडी, उभ्यांसाठी जागा. ठाणे-कल्याणसाठी तिला तोड नाही. लहवित किंवा देवळालीला तिचे काय काम?

वंदे भारत हेही उत्तर नव्हे. ती अडीच तासांच्या आसपास मुंबईला पोचवते हे खरे, पण तिला अनारक्षित डबा नाही आणि तिचे भाडे रोजच्या माणसाचे नाही. रोजच्या माणसाची गाडी पंचवटी. १९७५ पासून ती पासधारकांच्या जिवावर आणि पासधारक तिच्या जिवावर जगत आले आहेत. कोण कुठल्या डब्यात, कोणाची जागा कोणासाठी राखायची, हे सगळे तिथे न लिहिता ठरलेले असते. पण ती सकाळी एकदा जाते आणि संध्याकाळी सव्वासहाला मुंबईहून एकदा निघते. तिच्या पुढे-मागे ज्या गाड्या आहेत, त्यांपैकी बहुतेक उत्तरेकडे जाणाऱ्या. त्यांच्या जनरल डब्यात नाशिकच्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळाली तर नशीब.

म्हणून माझे मागणे लोकलचे नाही आणि नव्या चकचकीत गाडीचेही नाही. नाशिकरोड ते कसारा, जमल्यास कल्याण, अशी दिवसभर दर दोन तासांनी धावणारी, शौचालय असलेली, आरक्षण नसलेली, अंतरावर भाडे ठरलेली आठ-बारा डब्यांची मेमू, म्हणजे कमी पल्ल्याची विजेवरची गाडी असावी; तिला वंदे भारतसारखे पार्किंग ब्रेक असावेत आणि कसाऱ्याला तिची वेळ लोकलशी बांधलेली असावी. ट्रेंटनला हे नीट जमत नाही, कारण तिथे दोन राज्यांच्या दोन संस्था आहेत, दोन तिकिटे आहेत आणि एकीचा उशीर दुसरीच्या हिशेबात येत नाही. आपल्याकडे लोकलही मध्य रेल्वेची आणि घाटावरची गाडीही मध्य रेल्वेचीच. फक्त घाट चढला की मुंबई विभाग संपून भुसावळ विभाग लागतो. एका रेल्वेच्या दोन विभागांनी एक वेळापत्रक जुळवणे दोन राज्यांपेक्षा अवघड असेल, असे मला तरी वाटत नाही. वाटले तर ते भुसावळकडून ऐकायला आवडेल.

भावाचा यावरचा आक्षेप मात्र खोडता येण्यासारखा नाही. कल्याण ते कसारा दोनच रूळ आहेत. त्यांच्यावरच लोकल, मालगाड्या आणि मेल-एक्स्प्रेस. तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. ‘रूळच नाहीत, तर तुझी मेमू काय जीपच्या टपावरून आणायची?’ असे त्याने विचारले. रूळ होईपर्यंत कसाऱ्यापुढचा, तीन मार्गिका असलेला तुकडा तरी वापरा आणि गाडी कसाऱ्यालाच संपवा, एवढेच मी म्हणू शकले. तो म्हणाला की, जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाल्यापासून गाडीवाले रेल्वेचे नावच काढत नाहीत. गाडी असणाऱ्यांचे ठीक आहे.

भाच्याची सुट्टी सात वाजता होते. पंचवटी ठाण्याहून सातच्या आत निघून गेलेली असते. तो कसारा लोकल धरतो, रात्री दहाच्या सुमाराला जीप भरायची वाट पाहतो, आणि साडेअकराच्या पुढे कधीतरी नाशिकच्या द्वारका चौकात उतरल्याचा निरोप वहिनीला येतो. तोवर ती जेवत नाही.