पन्हाळा–पावनखिंड : गट बारापेक्षा मोठा नको

पन्हाळा ते पावनखिंड या पावसाळी पदभ्रमंतीवरच्या एका लेखात ‘चाळीस जणांचा गट सहज जातो’ असं म्हटलंय. जातो हो, पण मागं काय उरतं ते बघा. जुलैत खोतवाडी, करपेवाडीच्या भागात भातलावणीचे दिवस. वाटेत चिखल लागला की माणसं खाचराच्या बांधावर चढतात. चाळीस जोड बूट गेले की ओला बांध खचतो, पाणी वाहून जातं आणि नुकती लावलेली रोपं उघडी पडतात. दहा-बारा जण असतील तर एकामागं एक, चिखलातूनच नेता येतात. पुढं गावातला वाटाड्या, शेवटी एक जाणता.

वाटेतल्या मसाई पठारावर धुकं उतरलं की जांभ्या खडकावर पाऊलवाट दिसतच नाही, गुरांच्या वाटा मात्र चारी दिशांना फुटतात. चकवा लागतो तो तिथंच. शेवटचा माणूस दिसेना झाला की थांबायचं.

जळू लागली तर मीठ टाकू नका, ती पोटातलं जखमेत ओकते. नख बाजूनं सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतंच, घाबरायचं नाही.

वाटेतली पांडवदऱ्याची लेणी मात्र घाईत उरकू नका.