"झोप लागते का?" "लागते."

आज दुपारी एका क्लिनिकमधून फोन आला. "पेशंटला ऑटिझम आहे ना? मग आमच्याकडे नको, स्पेशल मुलांच्या सेंटरला न्या." त्या सेंटरने मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं, "आम्ही 18 वर्षांपर्यंतच घेतो." माझा भाऊ 26 वर्षांचा आहे. नेऊ कुठे त्याला?

मन्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका पाकिटात भरायचा. चार वर्षं. एक पत्रिका उलटी गेली नाही. जूनमध्ये छापखाना भिवंडीला हलला आणि त्याचं काम सुटलं. तेव्हापासून बोलणं जवळपास बंद, जेवणात नुसता पांढरा भात, आणि डाव्या भुवईचे केस उपटून उपटून तिथे आता फक्त कातडी राहिली आहे.

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते का?" मन्या म्हणाला, "लागते." "जेवतोस?" "जेवतो." मग माझ्याकडे वळून, "डिप्रेशन वगैरे काही नाही. ऑटिझममध्ये हे असतंच." सहा मिनिटांत आम्ही बाहेर.

अहो, झोप लागते, पण पहाटे चारला लागते! मन्या खोटं बोलला नाही, विचारलं तेवढंच त्याने सांगितलं. येताना रिक्षात मी विचारलं, "काल डोळे किती वाजता मिटले?" "तीन पन्नास." "परवा?" "चार दहा." सगळं पाठ.

ऑटिझम म्हणजे मनाचा आजार नाही, ती जन्मापासूनची घडण आहे, हे तुम्हाला सांगायला नको. पण त्या घडणीच्या माणसाचं मनही आजारी पडतं. चिंता आणि नैराश्य तर त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त दिसतं. आतून काय होतंय याला अनेकांकडे शब्दच नसतात. छातीतली धडधड भीतीची की जिना चढल्याची, तेही उमगत नाही. अशा माणसाला प्रश्न नेमके विचारावे लागतात, लिहून द्यावे लागतात, उत्तराला वेळ द्यावा लागतो. आणि आधी कसा होता, आता काय बदललं, हे घरच्यांकडून समजून घ्यावं लागतं. इतकी वर्षं शाबूत असलेली भुवई दोन महिन्यांत गेली, तर ते ऑटिझममुळे कसं? ऑटिझम तर 26 वर्षं आहे!

मान्य, डॉक्टरांच्या दाराबाहेर चाळीस माणसं बसली होती. माणूस म्हणून ते वाईट नव्हते.

पण हे ठाण्यात व्हावं? 1901 पासून मनोरुग्णालय असलेल्या गावात? लहानपणी साताऱ्याला मामाकडे गेलो की शेजारचे मन्याकडे बघून म्हणायचे, "तुमच्या तर गावातच सोय आहे." आई तेव्हा काही बोलायची नाही, रात्री रडायची. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. 2017 च्या कायद्याने मानसिक उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. प्रत्येकाला म्हणजे मन्यालाही ना?

एका मैत्रिणीने 14416 सुचवला, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. टेली-मानस चांगलंच आहे, पण मन्या फोनवर बोलत नाही. नुसती रिंग वाजली तरी कानांवर हात घट्ट दाबून बसतो.

काल रात्री साडेतीनला पाणी प्यायला उठले. मन्या जेवणाच्या टेबलावर घरातल्या जुन्या पत्रिका घेऊन बसला होता. पाकिटातून काढायच्या, परत भरायच्या. मी शेजारी बसले तर निम्मा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, तुझी उलटी गेली." कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलला.

मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसांना बघणारे, त्यांच्याशी बोलायची पद्धत माहीत असलेले मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक कुणाला ठाऊक असतील तर इनबॉक्स करा. ठाणे, वाशी, नेरूळ, पनवेल, कुठेही चालेल. फक्त सकाळची वेळ नको, तो तेव्हाच झोपलेला असतो.